वहिवाट

आमच्या ट्रेकिंग ग्रुपनं वनखात्याला द्यायचं एक निवेदन तयार केलं होतं. कोयना अभयारण्यातून कोकणात उतरणारी एक जुनी घाटवाट पुन्हा उघडावी, अशी विनंती त्यात होती. सुरक्षिततेचा मुद्दा होता, गावातल्या मुलांना रोजगार मिळण्याचा होता, कचरा परत आणण्याची हमी होती. एक जागा मात्र मोकळी होती. तिथे कंसात लिहिलेलं, ‘ऐतिहासिक महत्त्व, एक परिच्छेद’. बी.ए.ला इतिहास घेतलेली ग्रुपमध्ये मी एकटीच, म्हणून तो परिच्छेद माझ्याकडे आला. रविवारपर्यंत द्यायचा होता.

मी लगेच हो म्हटलं. अर्ध्या तासाचं काम वाटलं. शिवकाळ, व्यापारी मार्ग, खोदीव पायऱ्या, पाण्याचं टाकं, ‘हा ठेवा जपणं आपलं कर्तव्य आहे’. असे परिच्छेद तुम्हीही वाचले असतील, मी तर लिहिलेतही.

हो म्हणायला आणखी एक कारण होतं, ते ग्रुपमध्ये कुणाला माहीत नव्हतं. त्या वाटेनं माझी आजी लग्न होऊन सासरी गेली होती.

वाटेचं नाव मी इथे लिहीत नाही. नाव लिहिलं की कुणीतरी जुन्या नकाशावरून जीपीएक्स फाईल बनवतो, मग पुढच्या शनिवारी कुणीतरी ती मोबाईलवर लावून निघतो. वासोट्याच्या दक्षिणेला आणि कुंभार्ली घाटाच्या उत्तरेला ती आहे, इतकं पुरे.

आजीची वाट

आजीचं माहेर कोकणात, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. सासर डोंगरापलीकडे, कोयनेच्या खोऱ्यात. लग्न १९५७ सालचं. वऱ्हाड पहाटे निघालं, खिंडीत बसून सगळ्यांनी भाकरी खाल्ली आणि दिवस मावळायच्या आत नवरी सासरी पोचली. पायात काही नव्हतं, हे ती दर वेळी सांगायची. तक्रार म्हणून नाही. ‘तुम्ही बूट घालून पण घसरता’ हे पुढे जोडायचं असायचं.

पुढची काही वर्षं ती शिमग्याला माहेरी यायची ती याच वाटेनं. उतरताना बरोबर तूप, मध, हिरडा. चढताना डोक्यावर मीठ, सुकट, नारळ. आजोबा त्याच वाटेनं उतरून पुढे चिपळूणच्या बाजारापर्यंत जायचे. घाटमाथ्याचा माल तिथे यायचा आणि वाशिष्ठीच्या खाडीतून गलबतांनी आलेला माल तिथून डोंगर चढायचा. नंतर आजोबा मुंबईत माथाडी झाले. आधी मशीद बंदरला, मग बाजार वाशीला हलला तेव्हा वाशीला. डोंगरात डोक्यावर ओझं, शहरातही डोक्यावर ओझं. जावळी आणि पाटणच्या खोऱ्यांतल्या हजारो घरांची गोष्ट हीच आहे.

आजीनं त्या वाटेचं नाव कधी घेतलं नाही. ती म्हणायची, ‘आमची वाट’. मला वाटायचं, हे नुसतं प्रेमानं म्हटलेलं आहे. पण ‘आमची’ या शब्दात हिशेब होता, हे मला फार उशिरा कळलं.

वाटा कोण बंद करतं

परिच्छेदासाठी वाचायला बसले, तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली. सह्याद्रीतल्या वाटांचा इतिहास आपण नेहमी त्या उघडण्याचा इतिहास म्हणून सांगतो. नाणेघाट घ्या. सातवाहनांनी घाट वाहता ठेवला, नागनिकेनं लेख कोरवला, तोंडाशी दगडी रांजण आहे, लोक त्याला जकातीचा रांजण म्हणतात. हे सगळं खरं किंवा खऱ्याच्या जवळचं आहे. पण वाटा बंद करण्याचाही तितकाच जुना इतिहास आहे.

रामचंद्रपंत अमात्यांची आज्ञापत्रं आपण झाडांसाठी वाचतो. आंबा-फणस तोडू नये, रयतेची झाडं जबरदस्तीनं घेऊ नयेत, हा भाग शाळेत असतो. त्याच ग्रंथात किल्ल्यांबद्दल सांगितलं आहे की गडावर येणारी वाट सोपी असू नये. सोपी असेल तर ती मोडावी, तिच्यावर झाडी वाढू द्यावी आणि दुसरी, अवघड जागेतून काढावी. म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे वाट मोडून जंगल वाढवणं हे राज्याचं धोरण होतं. शत्रूला वाट सापडू नये म्हणून.

आणि वाट माहीत असणं म्हणजे काय, हे फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखानाला कळलं होतं. कोकणात उतरायला त्यानं लोणावळ्याजवळची अडचणीची वाट धरली आणि उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्याला पुढून-मागून कोंडलं. फौज त्याची मोठी होती, पण वाट महाराजांच्या माणसांच्या ओळखीची होती.

कोयनेच्या खोऱ्याचा सगळा इतिहास या अवघडपणावरच उभा आहे. वासोटा किल्ला तुरुंग म्हणून वापरला गेला, कारण तिथून पळून जाणार कुठे? औंधच्या प्रतिनिधींच्या बाजूनं ताई तेलिणीनं हा किल्ला बापू गोखल्यांविरुद्ध कित्येक महिने लढवला. मराठेशाहीच्या शेवटच्या युद्धात साताऱ्याच्या छत्रपतींच्या घरातली माणसं इथे ठेवली होती आणि पकडलेले दोन इंग्रज अधिकारीही. एप्रिल १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला तेव्हा त्यांची सुटका झाली.

माझ्या परिच्छेदाला लागणारा मजकूर इथे संपत होता. शिवकाळ झाला, वासोटा झाला. पण या सगळ्यात आजीची वाट कुठेच नव्हती. तिच्यावर लढाई झाली नाही, तिथून कुणी राजा गेला नाही. सामान्य घाटवाट होती. मीठ वर जायचं, तूप खाली यायचं, मुली दोन्हीकडे जायच्या. मोठ्या घाटांवर जकात होती. तिथला हिशेब ठेवणारे ते घाटपांडे, मेटांवर पहारा करणारे मेटकरी, ही आडनावं आजही आपल्या वर्गात असतात. छोट्या वाटांच्या वाट्याला आडनावसुद्धा आलं नाही.

तीनदा मोडलेली

ती वाट बंद कधी झाली, हा प्रश्न मला सोपा वाटला होता. अभयारण्य झालं तेव्हा बंद झाली, असं निवेदनात आमच्याच लोकांनी लिहिलं होतं. कागद वाचत गेल्यावर दिसलं की ती तीन वेळा मोडली.

पहिल्यांदा मोडली ती एकोणिसाव्या शतकात, गाडीरस्ता झाल्यावर. कुंभार्ली घाटातून रस्ता झाला, उत्तरेला महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळीचा फिट्झगेराल्ड घाट झाला. बैलांच्या पाठीवरचा माल गाडीत गेला. ज्या वाटांवर गाडी जाऊ शकत नव्हती, त्या वाटा व्यापारातून उतरल्या. उरली ती फक्त दोन्हीकडच्या गावांची ये-जा.

दुसऱ्यांदा मोडली ती पाण्यानं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कोयना धरणाचं पाणी खोऱ्यात चढायला लागलं. १९६४ मध्ये धरण पूर्ण झालं. आज ज्याला आपण शिवसागर म्हणतो आणि ज्याच्यावर बामणोलीहून बोटीनं वासोट्याला जातो, त्या पाण्याखाली आजीचं सासर आहे. खोऱ्यातली माणसं रायगड, ठाणे, सोलापूर अशी विखुरली. आमचं कुटुंब रायगडात आलं. डिसेंबर १९६७ मध्ये कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा मागे राहिलेल्यांपैकीही बरेच जण निघाले.

यात एक गोष्ट अशी आहे की ती समजल्यावर मी काही वेळ काहीच वाचू शकले नाही. कोयनेचं पाणी पूर्वेला वाहून जायचं. धरणानंतर त्यातलं बरंचसं बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेलं जातं, पोफळीला त्यावर वीज तयार होते आणि ते वाशिष्ठीत सोडलं जातं. म्हणजे आजीच्या सासरचं पाणी आता चिपळूणवरून वाहतं. माणसांची वाट बंद झाली आणि पाण्याची उघडली. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या, आमच्या घरातले दिवे लागले. याची तक्रार कुणाकडे करायची?

तिसऱ्यांदा मोडली ती कागदावर. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झालं. २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, जवळपास ११६५ चौरस किलोमीटरचा, त्यातलं सुमारे ६०० चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात महाराष्ट्रातल्या चार जागा आहेत, कोयना त्यांपैकी एक. तोवर त्या वाटेवर बंद करण्यासारखं फारसं उरलेलंच नव्हतं. वरचं गाव नव्हतं, बैल नव्हते, नवऱ्या नव्हत्या. वनखात्यानं बंद केली ती मोडलेली वाट.

कायद्यात वाट म्हणजे काय

१९२७च्या भारतीय वन कायद्यात २५ वं कलम आहे. राखीव जंगलातली सार्वजनिक किंवा खासगी वाट वन अधिकारी राज्य सरकारच्या मंजुरीनं बंद करू शकतो. पण एक अट आहे. तिच्याऐवजी सोयीची दुसरी वाट आधीच असली पाहिजे किंवा करून दिली पाहिजे. इंग्रजांनी लाकडासाठी केलेला कायदा, पण त्यालाही ठाऊक होतं की वाट बंद करणं म्हणजे कुणाचं तरी काहीतरी काढून घेणं.

१९७२च्या वन्यजीव कायद्यात २७ वं कलम सांगतं, अभयारण्यात परवान्याशिवाय कोण जाऊ शकतं. त्या यादीत सरकारी नोकर आहेत, आत जमीन असलेले आहेत आणि सार्वजनिक रस्त्यानं पलीकडे जाणारा माणूसही आहे. मग आजीची वाट सार्वजनिक रस्ता होती का? जुन्या नकाशावर ती तुटक रेघ आहे. डांबर नाही, खडी नाही. पण पिढ्यानपिढ्या कुणीही, कुणालाही न विचारता त्यावरून जात होतं. सार्वजनिक म्हणजे आणखी काय असतं?

आपल्या भाषेत याला शब्द आहे, वहिवाट. जमिनीच्या भांडणात तो सतत ऐकू येतो, ‘ही आमची वहिवाट आहे’. वापरता वापरता तयार झालेला हक्क. १८८२चा भारतीय सुविधाधिकार कायदा दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्यायेण्याच्या हक्काबद्दल असंच म्हणतो. वीस वर्षं उघडपणे, अडथळ्याशिवाय वापरली तर वाटेवर हक्क तयार होतो, आणि सलग वीस वर्षं वापरलीच नाही तर तो संपतो. हा नियम जंगलातल्या घाटवाटेला जसाच्या तसा लागत नाही, हे मला माहीत आहे. पण त्यातला विचार मला पटला. चालण्यानं हक्क येतो, न चालण्यानं जातो. आजी जेव्हा ‘आमची वाट’ म्हणायची तेव्हा ती वहिवाट सांगत होती.

इंग्लंडमध्ये उलटं तत्त्व आहे. तिथे एकदा सार्वजनिक झालेली वाट वापरात नसली तरी सार्वजनिकच राहते. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर आणि शेफील्डचे कामगार किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर मुद्दाम, बंदी मोडून चढले. डोंगर शिकारीसाठी राखलेला होता. त्यांच्यातल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, त्यानुसार सार्वजनिक वाटांचे अधिकृत नकाशे करायचं ठरलं. २००० साली आणखी एक कायदा आला. नकाशात न आलेल्या जुन्या वाटा २०२६ पर्यंत नोंदवा, नाहीतर त्यांवरचा हक्क जाईल. मग लोक जुने नकाशे घेऊन बसले आणि हजारो मैलांच्या विसरलेल्या वाटा शोधू लागले. ती मुदत नंतर पुढे गेली आणि शेवटी ती काढूनच टाकायचं सरकारनं ठरवलं.

हे वाचून मला हेवा वाटला. पण एक फरक आहे. किंडर स्काउटवर पक्षी मारले जात होते, वाघ परत आणायचे नव्हते.

उघडल्यावर काय होतं

पश्चिम घाटातच अलीकडची दोन उदाहरणं आहेत.

११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात वणवा लागला. ट्रेकला गेलेले लोक त्यात सापडले. त्या घटनेत वीसहून जास्त जण गेले, त्यांत तरुण मुली बऱ्याच होत्या. परवानगी नसलेल्या वाटेचा प्रश्न पुढे आला, त्याच वर्षी तिथल्या सरकारनं जंगलातल्या ट्रेकिंगसाठी वेगळे नियम केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये तमिळनाडूनं चाळीस वाटा पुन्हा रीतसर उघडल्या. ऑनलाइन नोंदणी, ठरावीक संख्या, वाटाडे म्हणून त्या त्या डोंगरातली मुलं.

कर्नाटकात २०२४च्या प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीत कुमारपर्वतावर इतकी गर्दी झाली की तिचे व्हिडिओ देशभर फिरले. सरकारनं ट्रेक थांबवले, मग ऑनलाइन बुकिंगनं पुन्हा सुरू केले, एका वाटेवर दिवसाला जास्तीत जास्त ३०० लोक.

आमच्या निवेदनात या दोन्ही राज्यांची नावं होती. तिथे होतं, मग आपल्याकडे का नाही? मुद्दा बरोबर होता. पण मी आकड्याकडे बघत बसले. ३००. आजीच्या वऱ्हाडात किती माणसं असतील? चाळीस? आणि तसं वऱ्हाड वर्षातून दोन किंवा तीन.

डिसेंबर

रविवार गेला, मी परिच्छेद दिला नाही. डिसेंबरमध्ये आजीच्या माहेरी गेले. बाबांचे मामेभाऊ तिथे राहतात, मी त्यांना काका म्हणते. त्यांनी बीटच्या वनरक्षकांना विचारलं आणि आम्ही तिघं अभयारण्याच्या हद्दीपर्यंत चढलो. त्यापुढे नाही.

पायथ्याला वाट नव्हतीच. काका कारवीतून शिरले आणि आम्ही मागे. मग एका कड्याखाली अचानक पायऱ्या दिसल्या, चार-पाचच, मधोमध झिजलेल्या. मी बसले आणि हात लावला. त्या कुणी खोदल्या, कधी, काहीच लिहिलेलं नव्हतं.

हद्दीच्या खांबाशी वनरक्षक थांबले. पलीकडे वाट मात्र स्वच्छ होती. खालच्यापेक्षा रुंद, मळलेली. मला कळेना. त्यांनी जमिनीकडे बोट दाखवलं. गव्यांचं शेण, सांबराचे खूर. थोडं पुढे झाडाच्या बुंध्याला कॅमेरा बांधलेला.

‘ताई, जनावर पण सोपी वाटच धरतं,’ ते म्हणाले. ‘म्हणून कॅमेरे आम्ही जुन्या वाटांवरच लावतो. माणसं गेली, पण वाट काय ओस नाही पडली.’

डिसेंबर २०२३ मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात कितीतरी वर्षांनी वाघ कॅमेऱ्यात आला, ही बातमी तुम्ही वाचली असेल. २०२५ मध्ये ताडोबाहून वाघीण आणून सोडण्यात आली. इथे वाघ राहिले तर उत्तर सह्याद्रीत ते पुन्हा टिकल्यासारखे होतील. वनरक्षकांनी त्याबद्दल फार काही सांगितलं नाही. ते म्हणाले, ‘उघडायला काय, एक सही. नंतर शनिवारी रात्री नऊ वाजता फोन येतो, आमची चार माणसं उतरली नाहीत. मग मी आणि हे काका.’

काकांनी मान हलवली. ‘बॅटऱ्या घेऊन आम्हीच जायचं. मिळाली माणसं तर चहा पण आम्हीच करायचा.’

‘मग उघडू नये का?’ मी विचारलं.

काका जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘खिंडीत देव आहे आपला. नुसता शेंदूर लावलेला दगड. अठरा-वीस वर्षं झाली, नारळ नाही दिला. तेवढं जायला मिळालं पाहिजे एकदा वर्षातून.’

आणि मग त्यांनी ते सांगितलं जे आजीनं कधी सांगितलं नव्हतं, कदाचित तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नसेल. दसरा झाला की खालच्या गावातली माणसं कोयते घेऊन वर चढायची, कारवी तोडत, पडलेले दगड लावत. वरच्या गावातली माणसं त्यांच्या बाजूनं उतरायची. दोघं खिंडीत भेटायचे, नारळ फोडायचे, जेवायचे. त्यानंतर त्या वर्षीची वाट सुरू. आपापली बाजू आपण साफ करायची, म्हणून वाट ‘आमची’.

धरणाचं पाणी आलं आणि वरून कुणी येईना. खालच्यांनी काही वर्षं खिंडीपर्यंत साफ केली. मग पलीकडे भेटायला कुणी नाही, तर कशाला, असं झालं.

परिच्छेद

परत येताना माझ्या डोक्यात सरळ उत्तर तयार होतं. ट्रेकर्सना नको, गावकऱ्यांना द्या. वासोट्याजवळ नागेश्वराचं उदाहरण आहेच. त्या गुहेतल्या महादेवाला कोकणातल्या चोरवण्याच्या बाजूनं महाशिवरात्रीला लोक डोंगर चढून जातात. अभयारण्य झालं तरी ती वाट भाविकांसाठी राहिली.

पण रात्री लिहायला बसले तेव्हा अडले. गावकरी म्हणजे कोण? माझा जन्म नवी मुंबईचा. मला मिळणार आणि माझ्यापेक्षा दुप्पट डोंगर चढलेल्या मैत्रिणीला नाही, का तर माझी आजी तिथली? आणि त्या वाटेच्या इतिहासाला तरी हे धरून आहे का? तिथून लमाण गेले, गोसावी गेले, बांगड्या विकणारे कासार गेले. कुणाची जात-गाव विचारून वाट सोडलेली नव्हती. हक्क रक्तातून येतो म्हटलं, तर मी वाटेबद्दलच खोटं लिहीत होते.

मग त्या वाटेवर माणूस कशानं आपला व्हायचा? दोन गोष्टींनी. एक, पलीकडे त्याचं काहीतरी काम असायचं. आपण ट्रेकर जिथून निघतो तिथेच परत येतो. पलीकडे आपलं कुणी नसतं. यात गुन्हा काही नाही, पण ती वाट ज्यासाठी होती ते हे नाही. आणि दोन, कुणीतरी दसऱ्यानंतर कोयता घेऊन जायचं. वाटेवरून जाणारे शेकडो असतील, वाट ठेवणारी दोनच गावं होती. त्यातलं एक बुडालं. आम्ही वनखात्याकडे मागत होतो ते उघडणं. ठेवणार कोण, हे निवेदनात कुठेच नव्हतं.

मी जे लिहिलं ते एका परिच्छेदात बसलं नाही. थोडक्यात सांगते. ही वाट व्याघ्र प्रकल्पाच्या आराखड्यात जुनी सार्वजनिक वाट म्हणून नोंदवावी. पायऱ्या, टाकं, खिंडीतला देव यांची मोजमापं आणि छायाचित्रं वनखात्याच्या सोबतीनं एकदा घ्यावीत. वर्षातून एक दिवस, पाऊस संपल्यावर आणि वणव्याचा मोसम सुरू व्हायच्या आधी, वनरक्षकांबरोबर मोजक्या माणसांनी खिंडीपर्यंत जावं, वाट साफ करावी, नारळ द्यावा आणि उतरावं. जो काम करील तो येईल, मग तो कुठलाही असो. एरवी ती बंदच राहावी. बाकीचे ३६४ दिवस ती ज्यांच्या वापरात आहे, त्यांची वहिवाटही आता जुनी होत चालली आहे.

ग्रुपमध्ये हे टाकल्यावर पहिला मेसेज आला, ‘मग आपल्याला काय मिळालं?’ दुसऱ्यानं लिहिलं, आपण खातं नाही, आपण मागायचं असतं, नाही म्हणायचं काम त्यांचं. त्याचंही बरोबर आहे. एका दिवसासाठी परवानगी मागणारे, पुढच्या वर्षी दोन मागतील, ही भीती मला स्वतःबद्दलही आहे. चार दिवस वाद झाला. शेवटी दोन निवेदनं करायचं ठरलं, ज्याला जिथे सही करायची त्यानं तिथे करावी. माझ्या बाजूला आत्तापर्यंत सात सह्या आहेत, दुसरीकडे एकतीस.

वाट कदाचित या दोन्हींनी उघडणार नाही. काकांनाही तसंच वाटतं. पण त्यांनी एक काम मला सांगितलं, ते मी करते आहे. बाबांच्या जुन्या डायरीतून वरच्या गावच्या माणसांचे पत्ते काढते आहे. कुणी पनवेलला, कुणी कोपरखैरण्याला, एक घर सोलापूरकडे. अकरा घरांशी बोलणं झालं. बहुतेकांना वाट आठवत नाही, त्यांच्या आई-वडिलांना आठवायची. दोघांनी विचारलं, कोयता आणायचा का.

परवानगी मिळालीच, तर त्यांना त्यांच्या बाजूनं खिंडीकडे यायला आधी लाँच करावी लागेल.